अन्नाने मेंदू घडतो, म्हणजे नेमकं काय?



संयोजकांनी आजचा विषय 'आहार आणि मेंदूचं आरोग्य' असा जाहीर केलाय. आधीच एक खुलासा करतो. माझ्या नावामागे जो 'डॉ.' लागतो तो तत्त्वज्ञानातला आहे, त्याने आजवर कुणाचा ताप उतरलेला नाही. त्यामुळे सकाळी किती बदाम भिजत घालावेत, हे विचारायला कुणी आलं असेल तर त्यांची निराशा होईल. माझं आयुष्य वाक्यं तपासण्यात गेलं. आजही मी एकच वाक्य तपासायला घेणार आहे : 'अन्नाने मेंदू घडतो.' हे वाक्य खरं आहे का, किती खरं आहे, आणि ते खरं आहे म्हणून त्याच्या आडून आपण काय काय खपवतो, एवढंच बघायचं आहे.

हे वाक्य आपल्याकडे तीन ठिकाणी ऐकू येतं. पहिलं प्रवचनात : जसा आहार तसा विचार. दुसरं बाजारात : हा डबा घ्या, पोरगा पहिला येईल. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त खुपतं, ते शाळेच्या व्हरांड्यात. 'वाडीवरची पोरं आहेत सर, पोटात असतानाच खायला मिळालेलं नाही, यांच्या डोक्यात काय शिरणार?' हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय, आणि बोलणारे दुष्ट नव्हते. उलट त्यात थोडी कणवही होती. पण ती कणव कशी काम करते ते बघा. एकदा मेंदूच अपुरा आहे असं म्हटलं की मास्तर सुटला, शाळा सुटली, पंचायत सुटली आणि आपणही सुटलो. या तिन्ही ठिकाणच्या बोलण्याचं परीक्षण करू.

प्रवचनापासून सुरुवात करतो, कारण तिथे मूळ आधार फार चांगला आहे आणि वापर वाईट. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आणि त्याचा मुलगा श्वेतकेतू यांचा संवाद आहे. मुलगा बारा वर्षं गुरुगृही शिकून आलाय आणि जरा चढून गेलाय. बाप त्याला म्हणतो, पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी मात्र हवं तेवढं पी. सोळाव्या दिवशी बाप त्याला वेद म्हणून दाखवायला सांगतो. मुलगा म्हणतो, काही आठवत नाही. मग बाप म्हणतो, जा, जेवून ये. जेवून आल्यावर विचारेल ते सगळं त्याला आठवतं. मन अन्नाचं बनलेलं आहे, हे उद्दालकाने असं सिद्ध केलं.

ही गोष्ट मला फार आवडते. इथे कुणी शब्दप्रामाण्य सांगत नाही, बाप प्रयोग करून दाखवतो. पण प्रयोग म्हटला की तो तपासावा लागतो. यातून नेमकं काय सिद्ध झालं? अन्न नसेल तर स्मरण चालत नाही, एवढंच. म्हणजे अन्न हे आवश्यक कारण आहे. ते पुरेसं कारण आहे, असं यातून निघत नाही. श्वेतकेतूला जेवल्यावर वेद आठवले, कारण ते त्याने बारा वर्षं घोकले होते. न शिकलेल्या मुलाला पंधरा दिवस पंचपक्वान्नं वाढली असती तर त्याला वेद आले असते का? उद्दालकाने दिलेली उपमाच याचं उत्तर देते. मोठा विस्तव विझत आला, काजव्याएवढा एक निखारा उरला, त्यावर गवत घातलं की तो पुन्हा भडकतो. आता त्यात दोन गोष्टी लागतात, गवतही आणि निखाराही. गवत नसेल तर निखारा विझतो, आणि निखारा नसेल तर गवताची नुसती गंजी उभी राहते. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता प्रवचनकार काय करतात? या प्रयोगातलं 'अन्न' हा शब्द ते हळूच बदलतात आणि तिथे 'सात्त्विक अन्न' घालतात. श्वेतकेतू जेवायला गेला तेव्हा त्याच्या पानात काय होतं, यावर त्या चर्चेचा काहीच भर नाही. सात्त्विक, राजस, तामस ही आहाराची विभागणी गीतेच्या सतराव्या अध्यायातली आहे. ती वाचून पाहा. तिथे कांदा नाही, अंडं नाही, मासळी नाही. तिथे गुण सांगितलेत : रसाळ, स्निग्ध, टिकाऊ, मनाला रुचणारं ते सात्त्विक, आणि शिळं, बेचव, उष्टं ते तामस. आता जिच्या घरात रात्रीचा भात सकाळी पाण्यात कालवून मुलांना दिला जातो, कारण दुसरं काही नाही, त्या बाईच्या मुलांची वृत्ती तामस म्हणायची का? शिळं खाणं ही तिची निवड नाही, तिची मिळकत तेवढीच आहे. मिळकतीची पायरी ही मनाची पायरी म्हणून सांगितली की ते तत्त्वज्ञान राहत नाही. ती जातीची उतरंड झाली.

आणि हे नुसतं शब्दांचं भांडण नाही. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतल्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. अंडं न खाणाऱ्यांसाठी केळं किंवा स्थानिक फळ होतं. तरी विरोध झाला. अंडं शाळेत शिजलं की मनं बिघडतील, असा त्याचा सूर होता. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा वेगळा निधी बंद केला आणि हवं असेल तर लोकवर्गणीतून द्या, असं सांगितलं. ज्या गावात वर्गणी जमते तिथल्या मुलांना अंडं घरी मिळतंच. ज्या वाडीत ते मिळत नाही तिथे वर्गणी कोण देणार? अंडं कुणावर लादावं असं मी म्हणत नाही. ज्याला नको त्याने केळं घ्यावं. पण 'मला नको' आणि 'त्यालाही नको' या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते नीतिशास्त्राच्या पहिल्याच तासाला शिकवतात.

आता बाजाराकडे वळू. त्याचं परीक्षण सोपं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण दोन टक्के असतं, पण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीर जी ऊर्जा वापरतं त्यातली सुमारे वीस टक्के एकटा मेंदू घेतो. लहान मुलात हा वाटा याहून बराच जास्त असतो. म्हणजे मुलाचा मेंदू हा घरातला सगळ्यात खादाड पाहुणा आहे. हे खरं. त्यावरून जाहिरात निष्कर्ष काढते की आमच्या डब्यातली पूड दुधात घाला. ज्याच्या घरी रोज दूध आहे, त्याच्या घरी मेंदूची उपासमार बहुधा नाहीच. ज्याच्या मेंदूला खरी गरज आहे त्याच्याकडे दूधही नाही आणि डबाही नाही. बाजार नेहमी कमतरता नसलेल्यांना कमतरतेची भीती विकतो.

मग कमतरता आहे कुठे? इथे आपल्याला फार लांब जावं लागत नाही. घाट चढला की पुणे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांमधल्या स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणाच्या आधीपासून त्यांची नोंद ठेवली आणि पुढे मुलांचा माग वर्षानुवर्षं ठेवला. या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं, आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलोच्या आसपास. आपली बाळं हाडामांसाने कमी, पण चरबीने त्या मानाने कमी नव्हती. बारीक दिसणारी, तरी चरबी धरून असलेली.

या अभ्यासातल्या दोन गोष्टी आजच्या विषयाच्या आहेत. एक म्हणजे आईने एकूण किती उष्मांक खाल्ले, किती प्रथिनं खाल्ली, याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं याच्याशी. दुसरी गोष्ट, सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-बारा जीवनसत्त्व कमी होतं, आणि फोलेट मात्र जवळजवळ कुणातच कमी नव्हतं. मग ज्या आयांचं बी-बारा अगदी कमी होतं आणि ज्यांचं सगळ्यात चांगलं होतं, अशा दोन टोकांच्या गटांतल्या शंभरावर मुलांची नऊ वर्षांची असताना तपासणी केली. लक्ष टिकवणं आणि थोड्या वेळापुरतं ध्यानात ठेवणं, या दोन चाचण्यांत कमी बी-बारा असलेल्या आयांची मुलं मागे होती.

आता चिकित्सक कान उभे करा. दोन चाचण्यांत मागे होती. बाकीच्या चाचण्यांत, ज्यात बुद्धिमापनाची चाचणीही होती, दोन्ही गटांत फरक दिसला नाही. 'आईला बी-बारा कमी, म्हणून मूल मंद', असा निष्कर्ष अभ्यासाने काढलेला नाही. तो आपण काढतो. पुढे म्हैसूरच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांवर असाच अभ्यास झाला. तिथे आईच्या बी-बाराचा मुलांच्या आकलनाशी संबंध दिसलाच नाही, फोलेटचा दिसला. मग पुण्याचं खोटं का? नाही. दोन ठिकाणच्या ताटांत वेगवेगळ्या गोष्टी कमी असतील तर वेगवेगळे संबंध दिसणारच. ज्या घरात मीठ भरपूर आहे तिथे मिठाच्या अभावाचा परिणाम कसा दिसणार? पुण्याच्याच गटाने नंतर प्रयोग करून पाहिला. किशोरवयातल्या मुलामुलींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी-बारा दिलं. त्यांतल्या मुली पुढे आई झाल्या, तेव्हा नुसतं बी-बारा मिळालेल्या आयांची दोन वर्षांची मुलं आकलन आणि भाषा यांच्या चाचण्यांत थोडी पुढे होती. मुलांची संख्या लहान होती, म्हणून जपून बोलायचं. पण दोन मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा पाच लाखावा भाग. प्रश्न पक्वान्नांचा नाही, हे त्यातून कळतं.

बी-बारा झाडपाल्यात नसतं. ते दूध, दही, अंडी, मासळी, मांस यांतून येतं. चहापुरतं दूध असलेल्या घरात ते पुरत नाही. आणि इथे आपल्या पोशीर-कळंब-नेरळच्या पट्ट्याकडे बघा. पावसाळ्यात वाडीवरची बाई शेवळं आणते, टाकळा, कुर्डू, भारंगी आणते. ओहोळातल्या चिंबोऱ्या, भाताच्या खाचरातली बारकी मासळी, बाजारचा जवळा, सुकट. पुण्याचा अभ्यास ज्या दोन गोष्टी शोधत होता, पालेभाजी आणि बी-बारा, त्या दोन्ही तिच्या टोपलीत आहेत. आपण ज्या खाण्याला नाकं मुरडली त्यात हे होतं. पण थांबा, याचंही गाणं करू नका. 'आदिवासींचा आहार किती नैसर्गिक' असं म्हणत रानभाज्यांच्या महोत्सवात फोटो काढणं, ही आणखी एक पळवाट आहे. रानभाजी चार महिने. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामावर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. भट्टीवर ओहोळ नाही आणि अंगणवाडीही बहुधा नाही. उचल घेतलेली असते, ती फेडताना भात आणि मिरची उरते. तिथे गर्भ राहतो, तिथेच पहिले महिने जातात. आणि ज्या नलिकेतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नलिका गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटलेली असते. तोवर बाईला दिवस गेल्याचं धड कळलेलंही नसतं. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवून मिळालेली फोलिक ॲसिडची गोळी रक्तासाठी उपयोगी आहे, घ्यायलाच हवी, पण या एका कामासाठी ती उशिरा आली. म्हणून शाळेत मुलींना आठवड्याला जी निळी गोळी मिळते तिला महत्त्व आहे. मळमळतं म्हणून काही जणी ती टाकून देतात. जेवणानंतर द्या, समजावून द्या. मात्र त्या गोळीत लोह आणि फोलिक ॲसिड आहे, बी-बारा नाही. ज्या राज्यात हा प्रश्न शोधला गेला त्या राज्यातल्या गोळीत तो अजून पोचलेला नाही.

आता तिसरी आणि मुख्य गोष्ट, व्हरांड्यातला निवाडा. पोटात असताना उपाशी राहिलेल्या मुलाचा मेंदू कायमचा गेला, हे खरं आहे का? यावर जगात तीन मोठे पुरावे आहेत आणि ते एकमेकांना सरळ जुळत नाहीत. म्हणूनच ते शिकण्यासारखे आहेत.

पहिला हॉलंडचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. माणशी रेशन हजार उष्मांकांच्या खाली गेलं. त्या काळात पोटात असलेली मुलं एकोणीस वर्षांची झाली तेव्हा लष्करभरतीत त्यांची बुद्धिचाचणी झाली. सव्वा लाखाच्या आसपास तरुणांच्या नोंदी स्टाइन, सुसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या आणि १९७५ मध्ये पुस्तक लिहिलं. निष्कर्ष काय? उपासमारीत गर्भात असलेल्यांच्या बुद्धिगुणांत फरक आढळला नाही. काहीच झालं नाही असं नव्हे. उपासमार ऐन भरात असताना ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. पण 'उपाशी गर्भ म्हणजे मंद मूल' हे समीकरण तिथे मोडलं. का मोडलं असेल? ती भूक काही महिन्यांची होती. आधी ते लोक पोटभर खात होते, नंतरही खाऊ लागले, आणि शाळा, घर, पुस्तकं सगळं जागेवर होतं. आपल्या वाडीवरची भूक हिवाळ्यापुरती नाही. ती आजीपासून चालत आलेली आहे.

दुसरा पुरावा ग्वातेमालाचा. १९६९ ते १९७७ या काळात तिथल्या चार खेड्यांत प्रयोग झाला. दोन गावांत प्रथिनांनी भरलेली पेज दिली, दोन गावांत प्रथिनं नसलेलं, कमी उष्मांकांचं सरबत. तीस-पस्तीस वर्षांनी त्या मुलांना शोधून काढलं. ज्यांना वयाच्या तीन वर्षांच्या आत पेज मिळाली होती, त्यांचं वाचन जास्त चांगलं होतं. पुरुषांची तासाची मजुरी ४६ टक्क्यांनी जास्त होती. आणि बायकांची? बायका एखादी इयत्ता जास्त शिकल्या, पण मजुरी वाढल्याचं दिसलं नाही. हे वाक्य आहारशास्त्राचे लोक भरभर वाचून पुढे जातात. मी तिथे अडतो. मेंदूला अन्न मिळालं, तो शिकला, पण त्याची किंमत ज्या बाजारात ठरते तो बाजार बाईला उघडलाच नाही. तिचं डोकं तयार होतं, दार बंद होतं. हे दुखणं अन्नाने बरं होणारं नव्हतं.

तिसरा पुरावा जमैकाचा, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. किंग्स्टन शहरातली ९ ते २४ महिन्यांची, उंची खुरटलेली १२९ मुलं. त्यांचे चार गट केले. एका गटाला दुधाची पूड, दुसऱ्याला खेळ, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला काहीच नाही. खेळ म्हणजे काय, तर आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर घरी जायची, घरच्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी करायची आणि मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते आईला दाखवायची. दोन वर्षं हे चाललं. दोन वर्षांनंतर पूड मिळालेली मुलंही पुढे होती, खेळ मिळालेलीही पुढे होती, आणि दोन्ही मिळालेली सगळ्यात पुढे, न खुरटलेल्या मुलांच्या जवळपास. पण वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा पुडीचा परिणाम विरून गेला होता. खेळाचा टिकला होता. त्या मुलांची कमाई मोठेपणी २५ टक्क्यांनी जास्त होती.

मग अन्न वाया गेलं का? नाही. जमैकातली मुलं नऊ महिन्यांची होऊन गेल्यावर पूड सुरू झाली. ग्वातेमालात पेज त्याही आधीपासून, आईच्या गरोदरपणापासून मिळू शकत होती. म्हणजे अन्नाला वेळ बांधलेली आहे, ते लवकर हवं. खेळण्याबोलण्याचा उपयोग उशिरा सुरू करूनही होतो. आणि खुरटलेलं मूल हे विझलेलं मूल नाही. ज्यांच्यावर 'गेलं' असा शिक्का बसला असता तीच ही १२९ मुलं होती. आता उद्दालकाची उपमा आठवा. गवत आणि निखारा, दोन्ही.

इथे आपल्या भाषेतल्या एका शब्दाबद्दल बोलायला हवं. 'अंगणवाडी'. आज हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर काय येतं? वजनकाटा, खिचडी, पाकिटं, रजिस्टर. एकात्मिक बालविकास योजना देशात २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, पण कल्पना त्याच्या कितीतरी आधीची आणि आपल्याकडची. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्या मुलासाठी ती कुरणात न्यायची. दगड, पानं, शिंपले हेच साहित्य. जमैकात जे विसाव्या शतकाच्या अखेरीला मोजून सिद्ध झालं, ते कोसबाडला दोन मास्तरणी करत होत्या. आपण त्यांच्याकडून शब्द घेतला, त्यातलं खेळणं-बोलणं काढून ठेवलं आणि शिधा तेवढा ठेवला. तोही वेळेवर येईल तर. अंगणवाडी सेविकेला मी दोष देत नाही. तिच्यावर जेवढी रजिस्टरं आहेत तेवढी सांभाळून मुलाशी खेळायला तिने वेळ कुठून आणायचा, हे आपणच सांगावं.

याच तालुक्याने आणखी एक उदाहरण घालून दिलंय. भाई कोतवालांचं नाव आपण सिद्धगडच्या हौतात्म्यासाठी घेतो, २ जानेवारी १९४३. ते योग्यच आहे. पण आझाद दस्त्याच्या आधी या माणसाने या भागात दोन गोष्टी केल्या होत्या. शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून धान्यकोठ्या आणि पोरं शिकावीत म्हणून शाळा. धान्य आणि शाळा या दोन गोष्टी त्यांनी एका दमात धरल्या. आपण त्यांना दोन वेगळ्या खात्यांत टाकलं आणि मग दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवू लागली.

समोर बरेच जण माझ्या वयाचे बसलेत, तेव्हा म्हातारपणाबद्दल दोन शब्द. विसरायला झालं की घरचे म्हणतात, वय झालं. त्याआधी रक्तातलं बी-बारा तपासून घ्या, कारण त्याच्या कमतरतेमुळे होणारा विसराळूपणा वेळीच उपचार केले तर सुधारू शकतो. एवढं सोडलं तर म्हातारपणी अमुक खाल्लं की स्मृती वाचेल, या आश्वासनांकडे सावधपणे बघा. अमेरिकेत 'माइंड' नावाच्या आहारपद्धतीचा फार गाजावाजा झाला. २०२३ मध्ये तिच्यावरच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. ६०४ वृद्ध, तीन वर्षं, आणि थोडं कमी खाणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा स्मरणात लक्षणीय फरक नाही. त्याउलट फिनलंडमधल्या २०१५ च्या प्रयोगात फरक दिसला, पण तिथे आहाराबरोबर व्यायाम होता, रक्तदाबावर लक्ष होतं, बुद्धीला काम होतं. म्हणजे म्हातारपणीही तेच. एकटं गवत पुरत नाही.

आता सगळं एकत्र करतो. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची खुरटलेली मुलं २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होती, २०१५-१६ मध्ये ३४.४ झाली आणि २०१९-२१ मध्ये ३५.२. पहिल्या दहा वर्षांत जे साधलं ते नंतर थांबलं. २०१९-२१ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांतली ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी होती, आणि लोहाची कमतरता हे त्याचं एक मोठं कारण. लहान वयातली लोहाची कमतरता मेंदूच्या वाढीला बाधते. हे आकडे आहेत, आणि ते लाजिरवाणे आहेत. पण उंची मोजणारी पट्टी बुद्धी मोजत नाही. 'या गटात धोका जास्त' हे समूहाबद्दलचं विधान आहे. 'हे मूल शिकणार नाही' हे एका मुलाबद्दलचं विधान आहे. पहिल्यातून दुसरं निघत नाही. तर्कशास्त्रात ही चूक करणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापतात. शाळेत ही चूक झाली तर मुलाचं आयुष्य कापलं जातं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. 'अन्नाने मेंदू घडतो' हे वाक्य मागणी म्हणून वापरा, निवाडा म्हणून वापरू नका. ते ग्रामसभेत वापरा : भट्टीवर गेलेल्या गरोदर बाईला तिथल्या अंगणवाडीत नाव लावून मिळालं का? आठवड्याचं अंडं बंद झालं, तर पंचायत काय करणार? ते पंचायत समितीत वापरा, आमदारासमोर वापरा. सरकारने सहज दिलं आणि लोकांनी घेतलं, असं इथे क्वचितच झालंय. शाळेत शिजवलेलं जेवणही सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये आदेश दिल्यावर आलं. तोवर हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेत होते. हे वाक्य जिथे निर्णय होतो तिथे जोरात म्हणा.

पण तेच वाक्य वर्गात नेऊ नका. वर्गात समोर बसलेल्या मुलाच्या पोटात काल काय होतं, हे मास्तराने जरूर विचारावं, आणि उपाशी असेल तर आधी त्याला खाऊ घालावं. त्यानंतर मात्र त्याला शिकवावं, दुसऱ्यांना शिकवतो तसंच, आणि जमत नसेल तर पुन्हा शिकवावं. त्याच्या मेंदूबद्दलचा निकाल द्यायचा अधिकार अजून कुठल्याही शास्त्राने कुणालाही दिलेला नाही.

एवढंच मला सांगायचं होतं.  प्रश्न असतील तर विचारा. बदामांचे सोडून.